परदेशी संशोधकाने जयपूर का निवडावे?

परदेशी विद्यार्थ्यांनी भारतात शिकायला यावे म्हणून गेल्या काही वर्षांत एकामागून एक निर्णय झाले. २०१८ साली केंद्र सरकारने ‘स्टडी इन इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा निर्माण करण्याची मुभा संस्थांना दिली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र ई-व्हिसाही आला. उद्दिष्ट होते २०२३ पर्यंत दोन लाख विद्यार्थ्यांचे. प्रत्यक्षात उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० साली देशात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते आणि २०२१-२२ साली ४६,८७८. या घसरणीत कोरोनाचा वाटा मोठा आहे हे मान्य केले, तरी साथ येण्यापूर्वीही आपण उद्दिष्टाच्या जेमतेम चतुर्थांशावर उभे होतो. उलट दिशेला, परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२४ साली तेरा लाखांच्या पुढे गेली.

आलेल्यांपैकी बहुसंख्य पदवी अभ्यासक्रमांचे विद्यार्थी आहेत आणि त्यांतील सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे आहेत. पीएच.डी.साठी भारत निवडणारा परदेशी तरुण आजही अपवादानेच आढळतो. विज्ञानाच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत गंभीर आहे.

पदवीचा विद्यार्थी अभ्यासक्रम आणि शुल्क पाहतो. संशोधक विद्यार्थ्याचा हिशेब निराळा असतो, कारण तो आयुष्याची पाच-सहा वर्षे एका गावाच्या स्वाधीन करत असतो. तेथे कोणते उपकरण हाताळायला मिळेल, पोटापाण्याची सोय शेवटपर्यंत टिकेल काय, आणि ज्यांच्याशी वाद घालावा असे सहकारी भेटतील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज तो शहर निवडत नाही. क्यूएसच्या २०२६ च्या ‘विद्यार्थी शहरां’च्या यादीत मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि चेन्नई आहेत, जयपूर नाही. परंतु अशा याद्यांपेक्षा या तीन प्रश्नांचे मोल अधिक आहे. आणि या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देऊन परदेशी विद्वानांना बोलावून घेणारे एक भारतीय शहर तीनशे वर्षांपूर्वी अस्तित्वात होते. ते शहर म्हणजे जयपूर.

१७२७ साली सवाई जयसिंहाने या नगराचा पाया घातला, तेव्हा राजवाड्याशेजारीच वेधशाळेला जागा मिळाली. तिचा प्रमुख विद्वान होता जगन्नाथ सम्राट, एक महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्याने अरबी आत्मसात केली, युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ ‘सम्राटसिद्धान्त’ या नावाने संस्कृतात आणला. गुजरातचा केवलराम आणि इस्लामी ज्योतिषाचे जाणकार त्याच परिवारात होते. मॅन्युएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्र्याबरोबर जयसिंहाने पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले. ते १७२९ साली लिस्बनला पोहोचले आणि परतताना ला हायर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन आले. पाठोपाठ पेद्रो द सिल्वा जयपुरात आला. १७३४ साली चंद्रनगरहून बूदिये आणि पाँ हे फ्रेंच पाद्री आले. १७४० च्या सुमारास जर्मन भाषक श्ट्रोबल आणि गाबेल्सपेर्गर दाखल झाले. त्यांतला गाबेल्सपेर्गर पुढच्याच वर्षी जयपुरात वारला. तार नव्हती, रेल्वे नव्हती. तरीही लिस्बन, चंद्रनगर आणि दख्खन येथील माणसे एका वाळवंटालगतच्या नव्या नगरात एकत्र आली.

कारण तेथे पाहण्याजोगे काही होते. सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आजही उभे आहे. त्याची सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते, म्हणून त्यावरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. युरोपात तोवर दुर्बीण रूढ झाली होती, त्यामुळे दगडी यंत्रांचा हा मार्ग विज्ञानाच्या मुख्य प्रवाहापासून दूर चालला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण यंत्र, ग्रंथ, आश्रय आणि सहकारी यांची एकत्र सोय झाल्यास विद्वान कोठेही येतात, एवढे जयपूरने निश्चित सिद्ध केले.

त्या यशातच त्याच्या अपयशाचे बीज होते. १७४३ साली जयसिंह गेला आणि वेधांची परंपरा खंडित झाली. वेधशाळेला राजाश्रय होता. पण राजा गेल्यावर वेतन कोण देणार आणि शिष्य कोण घडवणार, याची व्यवस्था नव्हती. पुढे १९०१-०२ मध्ये गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याने यंत्रांची दुरुस्ती केली. त्याच्या मदतीला ‘उसने कहा था’ ही कथा पुढे लिहिणारे चंद्रधर शर्मा गुलेरी होते. २०१० साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा ठरवले. संशोधकांचे शहर पर्यटकांचे झाले.

आजच्या जयपुरात विज्ञान नाही, असे मात्र नव्हे. १९४७ साली स्थापन झालेल्या राजस्थान विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग जिनिव्हाजवळच्या सर्न येथील ‘अ‍ॅलिस’ प्रयोगात सहभागी झालेला आहे. त्या प्रयोगातील फोटॉन मल्टिप्लिसिटी डिटेक्टर भारतीय गटांनी उभारला. कोलकाता, भुवनेश्वर, चंदीगड आणि जम्मू यांच्या जोडीने जयपूरचाही त्यात वाटा होता. १९६३ साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था याच शहरात आहे. दिल्ली रेल्वेने चार-पाच तासांवर आहे आणि राहण्याचा खर्च मुंबईच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे. काठमांडू, ढाका किंवा आदिस अबाबा येथील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने जयपूर निवडण्याला पुरेशी कारणे आहेत.

मात्र दुसऱ्या प्रश्नापाशी, म्हणजे पोटापाण्यापाशी, तो अडतो. भारतीय संशोधकाचा मुख्य आधार असलेली नेट परीक्षेची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये) परदेशी नागरिकाला खुली नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांची संख्या मर्यादित आहे आणि त्यांमागची दृष्टी मुख्यतः राजनैतिक मैत्रीची आहे. प्रयोगशाळेला कोण हवे, हा त्यांचा निकष नव्हे. उरलेल्यांनी स्वखर्चाने यावे, अशी अपेक्षा असते. स्वखर्चाने पीएच.डी. करू शकणारा तरुण साहजिकच अन्य देशाकडे पाहतो.

त्यानंतर घराचा प्रश्न येतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने चौदा दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचे असते. त्याला घर देणाऱ्याने चोवीस तासांत विहित फॉर्म भरायचा असतो. नियम सुरक्षेसाठी आहेत आणि फारसे अवघडही नाहीत. पण ज्या घरमालकाने हा फॉर्म कधी पाहिलेला नाही, त्याला पोलिसांचे नाव ऐकूनच नकार देणे सोपे वाटते. त्यात रंगाविषयीचा पूर्वग्रह मिसळला की नकार पक्का होतो. ई-व्हिसा विमानतळापर्यंत आणतो. रात्रीचा निवारा विद्यापीठालाच द्यावा लागतो. परदेशी संशोधकाला पहिल्या दिवसापासून वसतिगृहात खोली, ही सोय कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आपल्याच मुलांच्या अधिछात्रवृत्त्या महिनोन्महिने रखडतात. अशा स्थितीत परक्यांवर पैसा का खर्चावा? रखडपट्टीचा मुद्दा खरा आहे, आणि वृत्ती वेळेवर मिळणे ही दोघांचीही समान गरज आहे. परंतु भारतीय भौतिकशास्त्रज्ञांच्या कित्येक पिढ्या अमेरिकेत व युरोपात घडल्या त्या तेथील विद्यापीठांनी दिलेल्या साहाय्यवृत्तीवर. त्या देशांनी ते दान म्हणून दिले नाही. त्यांच्या प्रयोगशाळा त्या मनुष्यबळावर चालल्या. खर्चाचा हिशेबही पाहावा. एक हजार परदेशी संशोधकांना दरमहा ३७,००० रुपये दिले, तर वर्षाला ४४ कोटी ४० लाख रुपये लागतील. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ‘लायगो-इंडिया’ या एकाच प्रकल्पाला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्रासाठी एवढे देणाऱ्या देशाला ते चालवणाऱ्या माणसांसाठी त्याचा अल्पांश जड जाऊ नये.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या बळावर पुण्याला रेडिओ खगोलशास्त्राच्या नकाशावर नेले. जगभरचे संशोधक तिच्यावरील निरीक्षणवेळेसाठी अर्ज करतात. तेथे यंत्राच्या पाठीशी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, शेजारी आयुका आहे आणि विद्यार्थी घडवणारी परंपरा आहे. आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ चार किलोमीटर लांबीच्या बाहूंचा गुरुत्वीय लहरींचा शोधक उभा राहायचा आहे. त्या दिवशी हिंगोली हेही एखाद्या परदेशी विद्यार्थ्याच्या निवडीतले गाव होईल. तेथे त्याला खोली, वेळेवर वृत्ती आणि वाद घालायला चार सहकारी मिळतील काय, हे यंत्र सुरू होण्याआधीच ठरवावे लागेल.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. मोठ्या राष्ट्रीय प्रकल्पांत आणि राजस्थान विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांत परदेशी पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी गुणवत्तेवर, पूर्ण पाच वर्षांची हमी असलेल्या अधिछात्रवृत्त्या ठेवाव्यात. त्यांची निवड संशोधन गटांनी करावी. आणि निवासाची जबाबदारी संस्थेने घ्यावी. हे झाले नाही, तर वाढवलेल्या जागा कागदावरच राहतील. जयसिंहाच्या अखेरीनंतर जयपूरची यंत्रे शाबूत होती. वेध घेणारी माणसे तेवढी उरली नाहीत.