देव परीक्षा घेतो म्हणे...

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहितोय ते जरा रागातच. नात्यातली मंडळी हे वाचतात हे माहीत आहे, तरीही लिहितोय.

मागच्या एप्रिलमध्ये कळमनुरीला आत्याकडे गेलो होतो. तिचा थोरला मुलगा २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. मातीला जेमतेम चारपाच माणसं होती. दरवर्षी त्या तारखेला घरी छोटीशी प्रार्थना असते, तशी यंदाही होती. आमच्या नात्यातलेच एक वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले (नाव लिहीत नाही, वाचतील तेव्हा त्यांना कळेलच). म्हणाले, सोनं अग्नीत घातल्याशिवाय शुद्ध होत नाही. प्रभूने या बहिणीची श्रद्धा तावून सुलाखून घेतली, त्याबद्दल आपण त्याचे आभार मानू या. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, सवयीने.

चहा झाला, माणसं पांगली. कपबशा विसळता विसळता आत्या म्हणाली, "मी सोनं म्हणं. मग माझं लेकरू काय सरपण व्हतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत बसल्यापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगू? काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी दुःखाच्या वेळी हेच सोन्याचं वचन मीसुद्धा ऐकवून आलो होतो. तेव्हा आपण मोठं सांत्वन केलं असंच वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल, वचन तर पवित्र शास्त्रातलंच आहे. आहे ना! पेत्राच्या पहिल्या पत्रात सोन्याची आणि अग्नीची ती उपमा आहे. पण ते पत्र छळ सोसणाऱ्या माणसांना धीर द्यायला लिहिलेलं आहे, आणि परंपरा सांगते की पेत्र स्वतःही रोममध्ये विश्वासासाठी मारला गेला. आगीत उभं राहून आगीबद्दल बोलणं वेगळं. आपण बाहेर सतरंजीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन तेच बोलतो, ते वेगळं.

त्याच शास्त्रात ईयोबाचं पुस्तकही आहे. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तिघे मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. बोलायला लागले तिथे बिघडलं. तुझ्या दुःखामागे देवाचा अमुक हेतू आहे, तमुक कारण आहे... आणि शेवटी देव रागावतो तो कुणावर? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, समजावणाऱ्या मित्रांवर!

आपल्या मराठी मंडळींत संकटातून तावून निघालेल्या श्रद्धेचं नाव घ्यायचं तर पंडिता रमाबाईंचं निघतं. पण त्यांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. तीर्थयात्रा, व्रतं, पारायणं यांत आयुष्य घालवलेलं ते घर. त्या उपासमारीने रमाबाईंची लहानपणापासूनची श्रद्धा बळकट झाली का? उलट तिला तडा गेला. यात मी कुठल्या धर्माला कमी लेखत नाही. सांगायचं एवढंच की दुःखाला स्वतःची अशी शुद्ध करायची काही शक्ती नसते. ते माणसाला घडवतं तसं मोडतंही.

पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा काय केलं? भूक श्रद्धा शुद्ध करते असं प्रवचन दिलं? भूक काय असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन केडगावला आल्या. त्यांना जेवू घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. ते मुक्ती मिशन दौंड तालुक्यात आजही चालू आहे. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

याला मी तावून निघालेली श्रद्धा म्हणतो. ज्याची श्रद्धा आगीतून गेली आहे तो दुसऱ्याला आगीचे फायदे सांगत बसत नाही, पाणी घेऊन धावतो.

मग संकटांनी श्रद्धा वाढत नाही का? वाढते, मी पाहिली आहे. पण ती साक्ष ज्याची त्याने द्यायची. दुसऱ्याच्या वतीने द्यायची नाही. आणि आपण ऐकतो त्या साक्षी तरलेल्यांच्याच असतात. जे मोडले ते साक्ष द्यायला उभेच राहत नाहीत, मागच्या बाकावरून हळूच उठून जातात. त्यांची श्रद्धा काय हिणकस होती? की त्यांच्याजवळ कुणी बसलंच नाही?

आत्याच्या शेजारी एक माळकरी काकू राहतात. भाऊ गेला तेव्हा लोक दारासमोरून जायलाही घाबरत होते. त्या काकू रोज दोन्ही वेळा भाकरी आणि पिठलं ओट्यावर ठेवून जायच्या. कडू घास समजा, म्हणाल्या. परीक्षा, हेतू, सोनं... काहीच बोलल्या नाहीत. आत्या अजूनही म्हणते, त्या दिवसांत देव आमच्याकडे आला असेल तर भाकरीच्या टोपलीतून आला.

आत्या हल्ली मोठ्याने प्रार्थना करत नाही. पण संध्याकाळी दिवे लागले की शास्त्र उघडून बसते. काय वाचते ते मी विचारलं नाही. तिची श्रद्धा वाढली की घटली, याचा हिशेब ती आणि तिचा देव पाहून घेतील.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा प्रार्थना असेल. माझी एकच विनंती आहे. उभं राहून आभार मानू नका. आत्याजवळ बसा. आणि जमलं तर त्या कपबशा तरी विसळून द्या.

असो. कुणाला राग आला असेल तर फोन करा, बोलू.