वाण शेतकऱ्याचे, नोंद कुणाची?

तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीलाही त्याच वर्षी मिळाले. आनंदाचीच गोष्ट. पण मानांकन राखते ते मुलखाचे नाव. एखाद्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे निवड करून मिरचीचे, धन्याचे किंवा हळदीचे नवे वाण घडवले, तर त्याच्या पदरात या मानांकनाने काही पडत नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि त्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

शेतकरी वाण घडवतात का? घडवतात. गुहागर तालुक्यातल्या आबलोलीच्या सचिन कारेकर यांनी हळदीचे 'एसके-4' हे वाण निवडीतून पुढे आणले. केरळात इडुक्कीच्या सेबास्टियन जोसेफ यांची 'ञळ्ळानी' वेलची तिथल्या मळ्यांतून दूरवर पसरली.

हळदीच्या बाबतीत तर निसर्गच शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. हळदीची लागवड बियांनी होत नाही, गड्ड्यांनी आणि हळकुंडांनी होते. त्यामुळे एका झाडाचा गुण बेण्यातून पुढच्या पिढीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. कंदकुजीने वाफा बसला आणि त्यात एखादेच झाड तग धरून राहिले, तर त्याचे बेणे बाजूला काढायचे, वेगळ्या गादीवाफ्यावर लावायचे आणि पुढची काही वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, चिकाटी लागते.

धोकाही इथेच आहे. बेण्याचे एक पोते शेजारच्या तालुक्यात गेले की निवडणाऱ्याचे नाव मागे राहते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांनी भाताच्या वेगळ्या लोंब्या हेरून 'एचएमटी' वाण तयार केले. तांदूळ देशभर गेला. 2018 मध्ये दादाजी गेले, ते मात्र हलाखीतच.

2001 चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा अशा शेतकऱ्यालाही पैदासकाराचा दर्जा देतो. शेतकऱ्याला शुल्क माफ आहे. हळदीसारख्या पिकाला नोंदणीनंतर 15 वर्षे संरक्षण मिळते. यात शेजाऱ्याचे नुकसानही नाही: बेणे राखणे, लावणे, देवघेव करणे, विकणे हा हक्क प्रत्येक शेतकऱ्याला आहेच. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाने, पिशवीबंद विकता येत नाही. म्हणजे अंकुश आहे तो धंदेवाल्यावर.

अडचण कायद्यात कमी आणि कागदात जास्त आहे. वाण इतरांहून वेगळे आहे, एकसारखे येते आणि पिढ्यान् पिढ्या टिकते, हे दाखवावे लागते. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने पानांची लांबी, गाभ्याचा रंग, उताऱ्याच्या नोंदी कुणाच्या आधाराने ठेवायच्या?

तुळजापुरात कृषी विज्ञान केंद्र आहे. नवीन वाणांची प्रात्यक्षिके ते शेतकऱ्याच्या बांधावर नेते. आता वाट उलटीही चालावी. शेतकऱ्याने निवडलेले वाण केंद्राने आपल्या प्रक्षेत्रावर लावावे, नोंदी ठेवाव्यात आणि अर्ज शेतकऱ्याच्या नावाने भरून द्यावा. येत्या काढणीच्या हंगामातच केंद्राने तालुक्यात अशा वाणांचा शोध सुरू करावा आणि ज्यांच्याकडे राखलेले वेगळे बेणे आहे, त्यांनी ते घेऊन पुढे यावे.