पहिला कॅमेरा, जमवलेले पैसे आणि खिडकीचा उजेड



रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या मोसमात मावसबहिणीच्या शादीत बायकांच्या बाजूला फोटो काढायला कोणी मिळेना. पुरुष फोटोग्राफर आत नको, असे दोन्ही घरांचे म्हणणे होते. शेवटी या मुलीनेच मोबाइलवर फोटो काढले आणि ते सगळ्यांना आवडले. आता तिला हेच काम शिकायचे आहे. आईने शिवणकामातून आणि भिशीतून चाळीस हजार रुपये जमवले आहेत. थोरला मुलगा म्हणतो, "एवढ्यात धड कॅमेरा येत नाही. नव्वद हजारांचा हप्त्यांवर घेऊ, व्याज लागत नाही." अब्बा म्हणतात, "मोबाइल आहे ना?" भगिनी विचारतात, आम्ही काय करावे?

फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत हे आम्ही जाणतो. त्याचा निर्णय प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून करावा. इथे आम्ही फक्त वस्तूबद्दल, पैशाबद्दल आणि कामाबद्दल बोलणार आहोत.

आमचे उत्तर आधीच सांगतो. चाळीस हजारांत काम सुरू होते. हप्त्यांवर घेऊ नका. आणि चाळीसच्या चाळीस हजार कॅमेऱ्यावर घालू नका.

आधी हप्त्यांचे पाहू. 'व्याज नाही' अशी पाटी असते, तिथे बँक बहुधा व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते म्हणून ते दिसत नाही. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी ग्राहकाच्या माथी येऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांबद्दल बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ज्या घराला व्याजापासून दूर राहायचे आहे, त्याने पाटी न वाचता कागद वाचावा. आणि व्याजाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्या कामाची कमाई अजून सुरू झालेली नाही, त्याच्या भरवशावर पन्नास हजारांचे ओझे विशीतल्या मुलीच्या डोक्यावर का ठेवायचे?

आता अब्बांचे म्हणणे. ते अगदी चुकीचे नाही. घरातली मुले, ईदचा शीरखुर्मा, पाहुणे यांच्यासाठी मोबाइल पुरतो. मंद उजेडात मोबाइल एकापाठोपाठ अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो, म्हणून कधीकधी तो नवशिक्याच्या कॅमेऱ्यापेक्षा उजळही दिसतो. पण मोठा अल्बम छापायचा, हलणारी माणसे टिपायची, वर फ्लॅश जोडायचा, तीन तास सलग काम करायचे, तर कॅमेरा लागतो. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारा पडदा, सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा असतो. साध्या मोबाइलमधल्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी पट मोठा आहे. म्हणून मुलीला छंद आहे की काम करायचे आहे, हे आधी ठरवा. छंद असेल तर अब्बांचे ऐका.

काम करायचे असेल तर कोणता घ्यावा? कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५००. दोन्ही २०१८ साली आले, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत, दोन्हींबरोबर १८-५५ ची लेन्स मिळते. डी३५०० चे उत्पादन आता बंद झाले आहे, तो वापरलेलाच मिळेल. हे आरशाचे, म्हणजे डीएसएलआर कॅमेरे. कंपन्यांचे लक्ष आता बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. कॅननचा आर५० हा २०२३ साली आलेला त्यातला एक चांगला कॅमेरा आहे. तो चेहऱ्यावरचे डोळे ओळखून आपोआप फोकस धरतो, आणि तो गुण खरोखर उपयोगाचा आहे. पण त्याच्याबरोबर येणारी १८-४५ ची लेन्स १५००डीच्या लेन्सपेक्षा कमी उजेड आत घेते. म्हणजे जास्त पैसे देऊन हॉलमधला अंधार दूर होत नाही.

नव्याचा भाव हाताबाहेर जात असेल तर वापरलेला घ्यायला लाज नाही. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा आपल्या शहरातल्या ओळखीच्या दुकानात जाऊन हातात घेऊन पाहा. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा झोत सोडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. अपर्चर एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग दिसतील. शटर किती वेळा पडले आहे ते विचारा. झूमची कडी पूर्ण फिरवून पाहा, अडकता कामा नये. आखातातून मामू किंवा चाचा आणणार असतील, तर तिथली वॉरंटी इथे चालते का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

उरलेल्या पैशांत दोन मेमरी कार्डे, एक जादा बॅटरी आणि घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणातल्या पावसाळ्यात हा डबा कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा. आमची पहिली लेन्स आम्ही कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. चार महिन्यांनी ईदला काढली तेव्हा आत बुरशी धरली होती. चूक आमचीच होती. दुकानदार फिल्टर, ट्रायपॉड, चकचकीत बॅग असे काय काय पुढे करील. आज त्यातले काही लागत नाही. जे पैसे उरतील ते बाजूला ठेवा. सहा महिन्यांनी, कामाची गरज कळल्यावर, त्यांतून वर बसवायचा फ्लॅश घ्या.

आता त्या १८-५५ च्या लेन्सविषयी. कॅमेऱ्याबरोबर मिळते म्हणून तिला किट लेन्स म्हणतात, आणि बरोबर मिळते म्हणूनच लोक तिला हलकी समजतात. तिच्या खोळंब्याचे कारण एकच आहे. १८ वर ती एफ ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर फक्त एफ ५.६ पर्यंत. हिशोब केला तर ५५ वर सेन्सरला अडीचपट कमी उजेड मिळतो. म्हणून हॉलमध्ये लांब उभे राहून झूम केले की फोटो काळा किंवा हललेला येतो. मुलीला वाटते कॅमेरा वाईट आहे. तिने दोन पावले पुढे जाऊन झूम मागे घेतला असता तर तोच फोटो नीट आला असता.

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी काहिरात 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. उजेड डोळ्यातून बाहेर पडत नाही, वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगांनी मांडले. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रातून आत येणाऱ्या उजेडाचे निरीक्षणही त्यांनी केले. कॅमेरा म्हणजे तशीच एक लहानशी अंधारी खोली आहे. आत काय येणार ते बाहेरच्या उजेडावर ठरते. म्हणून फोटो काढणाऱ्याने आधी उजेड पाहावा, मग माणूस पाहावे.

दुल्हनचा मुख्य फोटो हॉलमध्ये काढायचाच नाही. दिवसा, घरी, तयार झाल्यावर काढायचा. खिडकीजवळ तिला तिरपे बसवा. खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा आणि एक निळा येतो. लेन्स ५५ वर, एफ ५.६, जवळच्या डोळ्यावर फोकस. तिच्या पाठीमागची भिंत जितकी लांब, तितकी ती धूसर दिसेल. मागे चिकटून कपाट असेल तर महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

मेहंदीच्या हातासाठीही ५५ च ठेवा. कॅननची ही लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस धरते. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश वापरू नका. बाजूने येणाऱ्या उजेडात मेहंदीची रेघ उठून दिसते, समोरच्या फ्लॅशने ती सपाट होते. जरी आणि टिकल्यांवरही तो फ्लॅश चमकून पांढरे डाग पाडतो.

दहा-बारा बायकांचा गट असेल तर १८ वर काढू नका. कडेला उभ्या असलेल्या खालाजान रुंद दिसतात आणि त्या हे विसरत नाहीत. मागे सरकायला जागा करून २८ ते ३५ वर काढा. अंगणात असाल तर एफ ८, म्हणजे दोन्ही रांगा स्पष्ट येतील. फोकस पुढच्या रांगेच्या चेहऱ्यांवर धरा.

रात्री हॉलमध्ये १८ ते २४ च्या दरम्यान राहा. अपर्चर पूर्ण उघडे, शटर १/१०० च्या आसपास, आयएसओ १६०० ते ३२००. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. अल्बममध्ये छापल्यावर दाणे फारसे जाणवत नाहीत, हललेला चेहरा मात्र जन्मभर हललेलाच राहतो. नंतर फ्लॅश घेतला तर तो माणसाकडे न रोखता पांढऱ्या छताकडे वळवा, उजेड पसरून खाली येईल.

हे सगळे वाचून येत नाही. मुलीने तीन महिने घरातच सराव करावा. एक महिना लेन्स १८ वर ठेवून, एक महिना ३५ वर, एक महिना ५५ वर. रोज दहा फोटो, आणि रात्री बसून कोणता का बिघडला ते वहीत लिहायचे. दादी तांदूळ निवडताना, भावंडे मकतबला निघताना, अम्मी मशीनवर बसलेली. त्यानंतर नात्यातले दोन-तीन छोटे कार्यक्रम, अकीका किंवा मेहंदी, आधीच सांगून की मी शिकते आहे. निकाहचे पूर्ण काम एकटीने घाईत अंगावर घेऊ नये. निकाहचा दिवस परत येत नाही, आणि "कार्ड खराब झाले" हे कोणाच्या मुलीच्या आईला सांगता येत नाही.

शेवटची गोष्ट, आमच्या मते सगळ्यांत मोठी. लोक या मुलीला आत बोलावणार ते फोटो सुंदर येतात म्हणून नव्हे. बायका तिच्यासमोर निर्धास्त बसू शकतात, म्हणून बोलावणार. तो भरवसा म्हणजे अमानत आहे, आणि तोच तिचा धंदा आहे. एक फोटो इकडचा तिकडे गेला तर नव्वद हजारांचा कॅमेराही तिला पुढचे काम मिळवून देणार नाही.

म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून हवेत. फोटो तिनेच निवडायचे, तिनेच सुधारायचे, भावाच्या हातात द्यायचे नाहीत. स्टेटसला एकही लावायचा नाही, नमुना म्हणून दाखवायचा असेल तर मेहंदीचे हात किंवा सजावट दाखवा, तीही परवानगीने. कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतलेले फोटो आपोआप इंटरनेटवर साठवले जाऊ शकतात, ती सोय आधी बंद करा. फोटो त्या घराला पेनड्राइव्हवर द्या, आणि आपल्याकडची प्रत कधी पुसायची ते आधीच ठरवा. कार्डावरून पुसलेले फोटो पुष्कळदा परत काढता येतात, तेव्हा कार्ड कोणाला उसने देऊ नका, आणि कॅमेरा दुरुस्तीला देताना कार्ड काढून घ्या. अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये पुरुष कामाला असतात. कोणते फोटो छापायला द्यायचे, हे दुल्हनच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नात्यातले असले तरी घ्या, नात्यातले असले तर जरूर घ्या.

भगिनी, थोरल्या मुलाला सांगा की त्याची बहिणीबद्दलची कळकळ आम्हाला आवडली. त्याने हप्ते भरण्याऐवजी तिला कार्यक्रमाला पोहोचवावे आणि रात्री घरी आणावे. त्याची तिला जास्त गरज पडेल. आणि तुमचे चाळीस हजार हे शिलाईच्या एकेका टाक्याने जमलेले आहेत. त्यांतले अर्ध्याहून थोडे जास्त घाला, बाकी हाती ठेवा. वर्षभराने मुलीच्या स्वतःच्या कमाईतून दुसरी लेन्स येईल, इन्शाअल्लाह. ५० ची एफ १.८ वाली घ्या. ती एफ ५.६ पेक्षा सुमारे दहापट उजेड आत घेते, आणि तोवर त्या उजेडाचे काय करायचे हे मुलीला कळलेले असेल.

अल्लाह तिच्या हातात बरकत देवो आणि तिच्याकडे सोपवलेली अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.