आधी परवाना, मग वायरलेस

"वायरलेस हातात घेऊन हिंडलास तर लोक काय समजतील?" हॅम रेडिओच्या परीक्षेला बसतोय असं घरी सांगितलं, तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न हा होता. भीती खोटी नव्हती. दाढीवाल्या तरुणाच्या हातात अँटेनाचा सेट दिसला की काही नजरा बदलतात. पण म्हणून सेटला हातच लावायचा नाही, हे मला मान्य नाही. या भीतीवरचं उत्तर परवाना आहे.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. अशा वेळी मदतीला हात पुष्कळ असतात, पण कुठे कोण अडकलंय ही खबर नसते. रिपीटर उपयोगी पडतो तो इथे.

हातातला पाच वॅटचा सेट वस्तीत जेमतेम काही किलोमीटर बोलतो. रिपीटर डोंगरावर किंवा उंच इमारतीवर असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच अधिक ताकदीने प्रसारित करतो. दोन मीटर बँडवर या दोहोंत साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. ते अंतर आणि लागत असेल तिथे टोन सेटमध्ये भरावा लागतो. बॅटरीची सोय असलेला रिपीटर वीज गेल्यावरही चालतो.

सुरुवातीला काही दिवस फक्त ऐका. मग मोकळा क्षण बघून आपली कॉलसाइन सांगा. समोरच्याचं बोलणं संपल्यावर लगेच बटण दाबू नका, जरा थांबा. कुणाचा तातडीचा निरोप असेल तर त्याला जागा मिळते.

परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना ती देता येते. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्सची अट नाही, आणि रिपीटरवर बोलायला ती पुरते. स्वस्तात मिळाला म्हणून विनापरवाना सेट वापरणं गुन्हा आहे. आपल्यावरच्या संशयाला आपणच कारण देऊ नये.

हवेतली पहिली ओळख कॉलसाइनची असते. व्हीयूने सुरू होणाऱ्या त्या अक्षरांवरून धर्म कळत नाही. पुढे नाव सांगितलं की कळतो, हे खरं. पण तोवर माणसाचा आवाज ऐकला गेलेला असतो.

हे काम पुरुषांचं, असंही कुणी म्हणू नये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवणाऱ्या हॅम ऑपरेटर भारती प्रसाद होत्या.

आपल्या मशीद कमिट्या आणि शाळा रिलीफसाठी पैसा उभा करतात, धान्य वाटतात. त्यांनी रविवारी दोन तास परीक्षेचा वर्गही चालवावा. प्रत्येक वस्तीत चार परवानाधारक असावेत आणि त्यात दोन तरी मुली असाव्यात. पुढचा पूर यायच्या आत एवढं जमण्यासारखं आहे.