स्वस्त पाणी कोणाला महाग पडते?

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याचे शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर ओळखले जाते. तिथे गावकऱ्यांबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांनाही पाणी लागते. अशा मोठ्या गावांत पाणीपट्टीचा विषय निघाला, की ‘वाढवू नका’ हा पहिला सूर असतो. गरिबाच्या बाजूने विचार केला तर तो रास्तच वाटतो. पण थोडा हिशेब मांडून पाहू.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच जणांच्या घराला महिन्याला सुमारे ८,२५० लिटर पाणी लागेल. एवढे पाणी साठ मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तरी तीन युनिटच्या आतच वीज लागते. शुद्धीकरणासाठी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणजे घरामागे महिन्याला जेमतेम २० ग्रॅम. गढूळ पाण्याला ती जास्त लागते, इतकेच. त्यात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन आणि दुरुस्ती मिळवली, तरी मोठ्या गावात हा भार अनेक घरांत वाटला जातो.

खर्च फुगतो तो गळतीने आणि थकबाकीने. निम्मे पाणी वाटेत मुरले, तर प्रत्येक घागरीमागे वीज दुप्पट लागते. वसुली नाही म्हणून वीजबिल थकते, मग जोडणी तुटते आणि नळ कोरडा पडतो. पुरवठा खंडित झाला, की रिकाम्या पाइपात गळतीच्या जागेतून नालीचे पाणी ओढले जाते. अतिसार, विषमज्वर, कावीळ यांच्या साथी अनेकदा इथूनच सुरू होतात.

नळाचा भरवसा गेला, की घरात जार येतो. तो दहा रुपयांना धरला, तरी रोज एक याप्रमाणे महिन्याचे ३०० रुपये होतात. पाण्यावरचा खर्च उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपुढे जाऊ नये, असा संकेत जगभर मानला जातो. दहा हजार रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाची ही मर्यादा एकटा जार संपवतो. ज्याला जार परवडत नाही, तो दवाखान्यात पैसे मोजतो.

म्हणून प्रश्न पट्टी कमी की जास्त एवढाच नाही, ती कोणाकडून किती घ्यायची हाही आहे. सरसकट वार्षिक पट्टीत टाकीवर मोटार लावणारा बंगला आणि शेवटच्या गल्लीतील एका खोलीचे घर सारखेच पैसे भरतात. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. प्रत्येक गावाला मीटर झेपणार नाहीत. पण जोडणीचा व्यास पाहून आणि घरगुती व व्यावसायिक वापर वेगळा करून दर ठरवणे ग्रामपंचायतीला जमण्यासारखे आहे. लॉज, हॉटेल, वाहन धुण्याचे केंद्र यांनी जास्त द्यावे आणि गरजेपुरते पाणी सर्वांना स्वस्त मिळावे.

या हिशेबात सांडपाणी हमखास विसरले जाते. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी पुन्हा बाहेर पडते, म्हणजे वरच्या घरातून रोज २२० लिटर. गावभर भुयारी गटार बांधणे आणि चालवणे महाग आहे. जागा असेल तिथे शोषखड्डा हा स्वस्त मार्ग असून ‘नांदेड पॅटर्न’ने तो राज्याला दाखवला आहे. मात्र तो विहिरीपासून आणि हातपंपापासून दूर हवा आणि त्याची वेळच्या वेळी सफाई व्हायला हवी.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी पंचायतींच्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. जलजीवन मिशनला २०२८पर्यंत मुदतवाढ जाहीर करताना केंद्राने देखभाल आणि लोकसहभागावर भर दिला. तरीही योजना बांधून देणारा निधी ती रोज चालवण्याची जागा घेऊ शकत नाही.

पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारता येतील. वीज, दुरुस्ती, पावडर आणि मानधनावर वर्षभरात किती खर्च झाला? पाणीपट्टी किती जमली आणि कोणाकडे थकली? आणि शेवटच्या नळाला क्लोरीनची तपासणी कधी झाली, तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन आढळले का? हे आकडे फळ्यावर लागले, तर दर ठरवताना वाद होतील, पण ते अंदाजावर होणार नाहीत.