विश्वासाचा उघड पत्कर

श्रद्धा ही अंतःकरणातील वस्तू आहे, ती चारचौघांत बोलून दाखविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पुष्कळ सुज्ञ माणसेही विचारतात. प्रश्न वरवर सौम्य दिसतो. परंतु त्याच्या आड बहुधा भीती दडलेली असते. मित्र हसतील, शेजारी दुरावतील, एखादी सवलत हातची जाईल, ही ती भीती. जी गोष्ट आपल्या सर्व आयुष्याचा आधार आहे असे आपण मानतो, तिच्याविषयी कोणी सरळ विचारले असता मौन धरणे हा नुसता संकोच नव्हे; तो एक प्रकारचा नकारच होय. प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र चुकला तो कोणी तलवार उगारली म्हणून नव्हे. एका दासीने त्यास नुसते विचारले होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने अंतःकरणाचा विश्वास आणि मुखाची कबुली ही दोन्ही तारणाच्या संबंधात एकत्र सांगितली आहेत. ती वेगळी करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

ह्या विषयाचे उत्तम उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. नागपुराहून राजनांदगावाकडे जाणारा लोहमार्ग आपल्या कन्हान नदीवरूनच जातो. १८९३ साली राजनांदगावास जात असता नारायण वामन टिळक यांस आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्याच्या गोष्टींवरून बोलणे धर्मावर आले, आणि त्या गृहस्थांनी टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक संस्कृताचे व्यासंगी आणि मराठीचे कवी. दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनी ग्रंथ वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे खिळून राहिले. पुढे सुमारे दोन वर्षे त्यांच्या अंतःकरणात झगडा चालला होता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला.

ह्या एका कृत्याची किंमत केवढी पडली, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. आप्तइष्ट तुटले. पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा यांचा वियोग झाला, आणि तो काही वर्षे टिकला. टिळकांनी मनातल्या मनात ख्रिस्तास मानून बाहेर पूर्ववत राहावयाचे ठरविले असते, तर यांतील काहीच घडले नसते. मात्र त्यांनी जे केले नाही, तेही तितकेच पाहण्याजोगे आहे. ज्या संतपरंपरेत ते वाढले, तिचा त्यांनी उपहास केला नाही. तुकोबांचे ऋण ते मोकळ्या मनाने सांगत. अभंगाच्या वळणावर त्यांनी रचलेली भजने आजही महाराष्ट्रातील मंडळ्यांतून गाइली जातात.

आणि लक्ष्मीबाईंचे काय? पती ख्रिस्ती झाले म्हणून त्या झाल्या नाहीत. पतीकडे परत आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जे पटले नाही त्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. जेव्हा पटले तेव्हा, १९०० साली, स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. आमच्या मते लक्ष्मीबाईंचा तो आधीचा प्रामाणिक नकार हाही धैर्याचाच होता. पोकळ होकारापेक्षा सरळ नकार देवास अधिक मान्य असावा.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तारण हे कृपेचे दान आहे. ते कोणी आपल्या कर्तबगारीने मिळवीत नाही. मग ज्यास ते दान मिळाले असे वाटते, त्यास शेजाऱ्यापुढे मान ताठ करण्यास जागा कोठे उरते? भिक्षेकऱ्यास अन्नछत्र सापडले, तर तो दुसऱ्या भुकेल्यास वाट दाखवितो. त्याच्या अंगावर ओरडत नाही. म्हणूनच आपल्या आशेविषयी विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, परंतु ते सौम्यतेने द्यावे, असे पेत्राने लिहून ठेविले आहे. वर्गातील हिंदू, बौद्ध वा मुसलमान सोबत्याच्या देवाधर्माची थट्टा करणे यास आम्ही साक्ष म्हणत नाही. भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांस दिले आहे. ते जितके आपले तितकेच त्याचे.

आता एका अवघड गोष्टीविषयी बोलणे प्राप्त आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे, आणि १९५६ व १९९० च्या दुरुस्त्यांनंतर, हिंदू, शीख व बौद्ध यांखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीत गणता येत नाही. त्यामुळे काही कुटुंबे रविवारी प्रार्थनेस येतात, आणि अर्जावर धर्म निराळा लिहितात. ज्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नाही, त्यांनी ह्या कुटुंबांस दोष देण्याची घाई करू नये. धर्म बदलल्याने अस्पृश्यतेचा डाग समाजाच्या दृष्टीतून पुसला जात नाही, हे आपण सर्व जाणतो. नियम अन्यायाचा वाटत असेल, तर तो बदलावा म्हणून अर्ज, सभा व न्यायालय हे मार्ग उघडे आहेत. परंतु खोटे लिहिणे हा त्यांपैकी मार्ग नव्हे. वडील अर्ज भरीत असता मुलगा शेजारी बसून पाहत असतो. त्या एका शब्दाने तो जे शिकतो, ते शंभर उपदेशांनी पुसून निघत नाही. आणि खरे लिहिणाऱ्या गरिबाच्या मुलाची फी व पुस्तके यांचा भार मंडळीने उचलावयास नको काय? तो न उचलता धैर्याचा उपदेश करणे हे फार स्वस्त काम आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापुढे टिळकांएवढा मोठा प्रसंग कदाचित कधी येणार नाही. लहान प्रसंग मात्र रोज येतील: वसतिगृहात सर्वांसमक्ष गुडघे टेकण्याचा, परीक्षेत सोबत्याची वही न पाहण्याचा, "तू ख्रिस्ती आहेस काय?" ह्या प्रश्नास "होय" म्हणण्याचा. निकदेम प्रथम रात्रीच्या वेळी येशूकडे आला. पण वधस्तंभावरून प्रभूचे शरीर उतरविल्यावर सुगंधी द्रव्ये घेऊन तो उघडपणे पुढे आला. भीती वाटणे हे पाप नव्हे. आज ज्यास धीर होत नाही, त्यास तो उद्या होवो, आणि त्या दिवशी त्याच्या मुखी सत्य व मनात शेजाऱ्याविषयी प्रेम असो, हीच आमची परमेश्वरापाशी प्रार्थना.