साल आपली, ज्ञानही आपलं

आव पडली की आपल्या म्हाताऱ्या कुड्याची साल उगाळून देतात. सर्पगंधाही कुड्याच्याच कुळातली. तिच्या मुळातून १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेझर्पिन काढलं. रक्तदाबाच्या गोळ्या झाल्या, जगभर खपल्या. मुळं खणणाऱ्याच्या पदरात काय पडलं? अन् खणून खणून सर्पगंधाच रानातून दिसेनाशी होत चालली.

२००६ चा वनहक्क कायदा औषधी मुळ्या-सालींची मालकी देतो. रानाबद्दलच्या पिढीजात ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्कही मानतो. म्हणून मौदा-रामटेककडच्या गावांना आम्ही सांगतो: सामूहिक दावा भरा. कोणी नमुना मागायला आला, तर त्याला ग्रामसभेपुढं बसवा. कशासाठी नेतो, गावाला काय देणार, हे लिहून घ्या. ठरावाशिवाय पानही द्यायचं नाही.